रॅली-एक्सच्या नव्या आवृत्त्या तपासताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या आर्केड गेमांच्या नव्या आवृत्त्यांवर मराठीत आता बऱ्यापैकी लिहून येते आणि आम्ही ते आवडीने वाचतो. मात्र त्या लिखाणात दोनच गोष्टी तपासलेल्या दिसतात : चित्रे किती देखणी झाली आणि जुन्या आठवणी किती जाग्या झाल्या. नामको कंपनीच्या १९८० सालच्या 'रॅली-एक्स' या गाडी पळवायच्या गेमला हे माप लावले तर निकाल हमखास चुकतो. या गेमची पुन्हा पुन्हा नवी रूपे निघाली आणि त्यांतली काही दिसायला फार सुंदर आहेत. पण रॅली-एक्स उभा आहे तो तीन गोष्टींवर : लहान खिडकी, म्हणजे मैदानाचा पडद्यावर दिसणारा तुकडा; भिंती न दाखवणारे रडार, म्हणजे कडेचा छोटा नकाशा; आणि गाडी व तिने मागे सोडायचा धूर या दोघांसाठी मिळून असलेली इंधनाची एकच टाकी. यांतली एक जरी बदलली तरी समोर उरतो तो दुसराच गेम. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत.

आपल्याकडे हा गेम फारसा माहीत नाही आणि त्याला साधे कारण आहे. नव्वदच्या दशकात मराठी घरांत आलेले टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. कॅसेटमध्ये फॅमिकॉमवर निघालेलेच गेम असायचे. नामकोचा 'बॅटल सिटी', म्हणजे सगळ्यांचा लाडका 'टँक', घरोघरी पोचला तो त्यामुळे. रॅली-एक्स फॅमिकॉमसाठी निघालाच नाही. तेव्हा मराठी वाचकाची त्याच्याशी पहिली भेट बहुधा एखाद्या नव्या आवृत्तीतूनच होते आणि तीच खरी समजली जाते.

मूळ गेम असा. निळी गाडी आपली, लाल गाड्या पाठलागावर. चक्रव्यूहासारख्या गल्ल्यांत दहा झेंडे विखुरलेले असतात. ते सगळे गोळा केले की फेरी संपते. गाडी थांबत नाही, समोर भिंत आली की आपसूक वळते. हातात चार दिशांचा दांडा आणि एक बटण. बटण दाबले की गाडीच्या मागे धुराचा लोट सुटतो आणि त्यात शिरलेली लाल गाडी काही क्षण भांबावून जाते. वाटेत दगडही असतात. दगडावर किंवा लाल गाडीवर आदळलो की पडद्यावर 'बँग' असे उमटते आणि एक गाडी कमी होते.

गल्लीबोळांतून गाडी पळवण्याची कल्पना नामकोची स्वतःची नव्हे. सेगा-ग्रेमलिनच्या 'हेड ऑन'मध्ये १९७९ सालीच एकात एक गुंफलेल्या मार्गांवरून ठिपके टिपत गाडी धावत होती. मग १९८०मध्ये नामकोचाच 'पॅक-मॅन' आला. पण या दोन्हींत अख्खा चक्रव्यूह एका पडद्यावर मावतो. पाठलाग करणारा कुठे आहे, कोणती गल्ली मोकळी आहे, हे एका नजरेत कळते. रॅली-एक्समध्ये मैदान पडद्याहून कितीतरी मोठे आहे आणि आपल्याला दिसतो तो त्याचा गाडीभोवतीचा तुकडा. अमेरिकेत पॅक-मॅन आणि रॅली-एक्स ही दोन्ही यंत्रे मिडवे या तिथल्या कंपनीनेच विकली. भावंडेच म्हणायची, पण खेळताना लागणारी बुद्धी निराळी. पॅक-मॅनला पाठांतर चालते. रॅली-एक्सला अंदाज लागतो.

आता खिडकीकडे येऊ, कारण नव्या आवृत्त्या पहिला घोळ इथेच घालतात. मूळ यंत्राचे चित्र २८८ × २२४ ठिपक्यांचे. उजवीकडची ६४ ठिपक्यांची पट्टी गुण, इंधनाची रेघ आणि रडार यांच्यासाठी राखीव. राहिले २२४ × २२४, म्हणजे नेमका चौरस. हा चौरस महत्त्वाचा आहे. त्यामुळे वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच अंतरापर्यंत दिसते. आजच्या १६:९ पडद्यासाठी चित्र रुंद केले, तर २२४ ओळींना साधारण ३९८ ठिपक्यांची रुंदी मिळते. रडारची पट्टी वजा केली तरी ३३४ उरतात. म्हणजे आडव्या गल्लीत जाताना मुळापेक्षा जवळजवळ दीडपट पुढचे दिसते, उभ्या गल्लीत मात्र तेवढेच. मग आडवी गल्ली सोपी, उभी अवघड, असा दुजाभाव गेममध्ये शिरतो. नकाशे आखणाऱ्याने तो कधीच योजलेला नव्हता.

रडारवर आपली गाडी, लाल गाड्या आणि झेंडे ठिपक्यांनी दिसतात. भिंती दिसत नाहीत, दगडही दिसत नाहीत. हे तपशील नुसते वाचून सोडून देण्याजोगे नाहीत. असा प्रसंग पाहा : गाडी उभ्या गल्लीतून वर चालली आहे. रडारवर झेंडा वर उजवीकडे, अगदी जवळ. लाल ठिपका मागे, थोडा खाली. उजवीकडचे पहिले वळण घ्यावे असे रडार सांगते. वळण घेतले तर ती गल्ली झेंड्याकडे जाईल की मध्येच खाली उतरेल, हे रडारला माहीत नाही. वळून पाहावे तेव्हाच कळणार. तेवढ्यात खिडकीच्या वरच्या कडेला समोरचा दगड दिसतो, आणि आता वळणे भागच आहे. डोळा क्षणभर रडारवर, क्षणभर रस्त्यावर. रडारवर जास्त रेंगाळला तर दगड, रस्त्यावर जास्त रेंगाळला तर मागची लाल गाडी. सगळा गेम या ये-जा करणाऱ्या नजरेत आहे. रडारवर भिंती काढून दिल्या की डोळ्याला रस्त्यावर यायचे कारणच उरत नाही, खेळणारा रडारच खेळू लागतो. 'मदत व्हावी म्हणून छोटा नकाशा दिला आहे' असे एखाद्या आवृत्तीबद्दल वाचले की आम्हाला काळजी वाटते ती यासाठी.

मूळ गेममधले दगड झेंड्याकडे जाण्याची वाट कायमची बंद करत नाहीत, कुठून ना कुठून रस्ता असतोच. ही शिस्त नव्या आवृत्तीत पाळली नसेल, तर चुकीची शिक्षा चूक न करणाऱ्याला मिळते.

तिसरी गोष्ट इंधन. गाडी चालते तसे ते संपत जाते आणि प्रत्येक वेळी सोडलेला धूरही त्याच टाकीतून जातो. धूर जपून वापरला तर सहसा फेरी पुरी होण्यापुरते इंधन असते. ते संपले की गाडी मंदावते, धूरही सुटत नाही आणि लाल गाड्या लगेच गाठतात. फेरी संपताना उरलेल्या इंधनाच्या प्रमाणात जादा गुण मिळतात. म्हणजे धुराचा प्रत्येक लोट दोनदा महाग पडतो : एकदा वेळेच्या रूपाने, एकदा गुणांच्या. नव्याने खेळणारे बहुतेक जण फेरी सुरू होताच घाबरून बटण दाबत सुटतात, आणि सात-आठ झेंडे झाल्यावर टाकी रिकामी झाली की गेम अन्यायी आहे म्हणतात. गेम अन्यायी नाही. धूर मागे सुटतो, समोरून येणाऱ्याला तो लागत नाही. लाल गाडी अगदी पाठीशी आली की मगच बटण दाबावे. ती दूर असताना सोडलेला धूर तिच्या वाटेत येईलच असे नाही, ती दुसऱ्या गल्लीने वळू शकते. समोरून गाडी येत असेल तर आधी बाजूच्या गल्लीत वळावे आणि वळता वळता धूर सोडावा. मग ती मागे लागली तर तिला त्यातूनच यावे लागते.

झेंड्यांच्या गुणांचा हिशेबही याच टाकीशी बांधलेला आहे. पहिला झेंडा १०० गुणांचा, दुसरा २००, असे करत दहावा १०००. दहांची बेरीज ५५००. मध्ये गाडी फुटली तर पुढचा झेंडा पुन्हा १००पासून. पाच झेंड्यांनंतर गाडी गमावली, तर उरलेल्या पाचांचे ४०००ऐवजी १५०० मिळतात. नुसता एक जीव जात नाही, २५०० गुणही जातात. दहांपैकी एका झेंड्यावर 'एस' असतो. तो घेतला की त्यापुढच्या झेंड्यांची किंमत त्या फेरीपुरती दुप्पट होते, आणि गाडी फुटली की ती दुप्पट किंमतही जाते. आता बघा, एसचा झेंडा तिसरा घेतला तर पुढचे सात झेंडे मिळून ४९०० गुण जादा देतात. तोच नववा घेतला तर पुढे एकच झेंडा उरतो, जादा १०००. त्यामुळे सुरुवातीला एस दिसला तर दोन चौक वाकडे जाऊनही घ्यावा. शेवटी शेवटी त्याच्यासाठी वळसा घालून इंधन जाळण्यात अर्थ नाही. गुणांचे कोष्टक बदलून प्रत्येक झेंड्याला सरसकट सारखे गुण दिले, तर चित्रे कितीही चकचकीत असोत, वाट निवडण्याचा हा सगळा विचार मावळतो. नामकोला हा एसचा झेंडा इतका आवडला की पुढे 'झेवियस'मध्ये तो जमिनीत लपवून ठेवला. तिथे तो सापडला तर जादा यान मिळते.

तिसरी फेरी 'चॅलेंजिंग स्टेज' असते, त्यानंतर दर चौथी, म्हणजे सातवी, अकरावी अशी. तिच्यात लाल गाड्या आपले इंधन संपेपर्यंत जागच्या हलत नाहीत. अशी बक्षिसाची फेरी आणि खेळभर वाजत राहणारे संगीत या दोन्ही गोष्टी आणणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गेमांत रॅली-एक्सची गणना होते.

मूळ गेम अवघड होता, हे मान्यच केले पाहिजे. ते नामकोनेही मान्य केले आणि १९८१मध्ये 'न्यू रॅली-एक्स' काढला. आमच्या मते या गेमची पहिली आणि आजवरची सर्वांत शहाणी सुधारित आवृत्ती तीच. काय केले? गेम एकंदर सोपा केला, रंग उजळले, नोबुयुकी ओनोगी यांचे नवे संगीत घातले. आणि 'एल' अक्षराचा आणखी एक झेंडा ठेवला, जो घेताना टाकीत उरलेल्या इंधनाच्या प्रमाणात गुण मिळतात. काय केले नाही, तेही पाहा. खिडकी तेवढीच ठेवली. रडारवर भिंती आणल्या नाहीत. धूर फुकट केला नाही. एलच्या झेंड्याने तर इंधनाचे मोल आणखी वाढवले : तो लवकर घ्यावा की आधी एस शोधावा, हा नवा पेच उभा राहिला. जपानमध्ये ही आवृत्ती मूळ गेमपेक्षा अधिक चालली. एखादा गेम सोपा करताना कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, याचा याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

पुढच्या आवृत्त्यांचे दोन गट पडतात. एका गटात जुना गेम जसाच्या तसा. प्लेस्टेशनवरच्या 'नामको म्युझियम व्हॉल्यूम १'मध्ये १९९५ साली रॅली-एक्स आणि न्यू रॅली-एक्स शेजारी शेजारी मिळाले. दोघांतला फरक समजून घ्यायला यापेक्षा सोयीची जागा नाही. न्यू रॅली-एक्स २००६मध्ये एक्सबॉक्स ३६०वरही आला. दुसऱ्या गटात नव्याने बांधलेले गेम : १९९६च्या 'नामको क्लासिक कलेक्शन व्हॉल्यूम २' या आर्केड यंत्रातली 'अरेंजमेंट' आवृत्ती, सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या यंत्रावरच्या २००५च्या 'नामको म्युझियम बॅटल कलेक्शन'मधली 'न्यू रॅली-एक्स अरेंजमेंट', निन्टेन्डोच्या वी यंत्रासाठी २००७मध्ये 'नामको म्युझियम रीमिक्स'मधून आलेला 'रॅली-एक्स रीमिक्स', आणि २०११चा आयफोन-आयपॅडवरचा 'रॅली-एक्स रंबल'. रीमिक्समध्ये चित्रे त्रिमितीय झाली आणि पॅक-मॅन गाडीत येऊन बसला. लहान मुलांना तो चेहरा ओळखीचा वाटतो, त्यात वाईट काही नाही. पण रीमिक्स खेळून 'रॅली-एक्स म्हणजे असा' असे कुणी ठरवू नये. त्याच संध्याकाळी न्यू रॅली-एक्सच्या चार फेऱ्या खेळाव्यात आणि मग मत द्यावे.

कोणतीही नवी आवृत्ती पारखायला पाव तास पुरतो. पहिल्या फेरीत झेंड्यांचे सोडून द्या, मोकळ्या गल्लीत बटण सारखे दाबत राहा आणि इंधनाची रेघ बघा. ती झरझर खाली आली पाहिजे. नुसती गाडी चालवताना उतरते तेवढ्याच वेगाने ती उतरत असेल तर धूर फुकट आहे. मग पाच झेंडे घेऊन मुद्दाम दगडावर आदळा. सहाव्या झेंड्याला १०० मिळाले तर कोष्टक मूळचे, ६०० मिळाले तर चूक केल्याची शिक्षा काढून टाकलेली आहे. रडारवर भिंती किंवा दगड दिसतात का ते पाहा. गाडी आधी आडवी, मग उभी चालवून दोन्ही बाजूंना किती गाड्यांएवढे अंतर दिसते ते मोजा. शेवटी वळणाची परीक्षा : चौक यायच्या थोडे आधी दांडा वळणाच्या दिशेला दाबून धरा. फट आल्याबरोबर गाडी वळली पाहिजे. ती पुढे निघून जात असेल तर एकतर आवृत्ती ढिली आहे किंवा तुमचा टीव्ही.

टीव्हीचा दोष आवृत्तीच्या माथी बसतो, असे फार वेळा होते. टीव्हीची 'गेम मोड' ही सोय चालू नसेल, तर आतली चित्र सुधारणारी प्रक्रिया प्रत्येक चित्र काही क्षण अडवून ठेवते. पॅक-मॅनमध्ये पुढचे सगळे दिसत असल्याने ते खपून जाते. रॅली-एक्समध्ये दगड आधीच उशिरा दिसतो, त्यात ही भर पडली की वळण हुकते. मूळ यंत्र सेकंदाला ६०.६ चित्रे काढते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर गेम एका टक्क्याने मंद होतो, ते जाणवत नाही. पण अनेक फोन ९० हर्ट्झवर चालतात आणि ६०चा गेम ९०वर बसवताना एक चित्र एकदा, पुढचे दोनदा, असे दाखवावे लागते. सरकणारे मैदान त्यामुळे अडखळत सरकते आणि डोळे दुखतात. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पडदा ६० किंवा १२० हर्ट्झवर ठेवला की अडखळणे थांबते.

चित्राचा आकारही पाहावा. १०८० ओळींच्या पडद्यावर २२४ ओळी पूर्ण पटीत चौपट बसतात, म्हणजे ११५२ × ८९६. त्याभोवती काळी चौकट राहू द्यावी. पडदाभर ताणले तर काही ओळी जाड, काही बारीक होतात आणि मैदान सरकताना भिंती थरथरतात. ४के पडद्यावर नऊपट बसते, २५९२ × २०१६. मूळ काचेचा पडदा ४:३ होता, म्हणून काटेकोरपणे पाहिले तर रुंदी किंचित वाढवावी लागते. उंची २०१६ असेल तर रुंदी २६८८. तेवढ्या तुटक कडा चालतात, सर्व बाजूंनी ताणलेले चित्र चालत नाही.

फोनवर आणखी एक अडचण असते ती रडारची. साडेसहा इंची, २०:९ आकाराचा फोन आडवा धरला तर पडद्याची उंची साधारण ६८ मिलिमीटर भरते. ४:३ चित्र ९० मिलिमीटर रुंद होते आणि रडारच्या पट्टीला २० मिलिमीटर मिळतात. १९ इंची आर्केड पडद्यावर हीच पट्टी ८५ मिलिमीटरच्या आसपास. ठिपके चौपट लहान झाले की नजर तिथे अडकून पडते. त्यात पट्टी उजवीकडे आणि धुराचे बटणही उजवीकडे, म्हणजे अंगठा बरोबर रडारवर. नव्या आवृत्तीत बटणाची जागा बदलता येत असेल तर ते खाली ओढून रडार मोकळे करावे. बोट सरकवून दिशा देण्याच्या पद्धतीत आणखी एक खोड आहे : सरकवलेली दिशा गेम लक्षात ठेवतो आणि पुढच्या फटीत गाडी वळवतो. मधल्या वेळात विचार बदलला तरी गाडी वळतेच. खऱ्या दांड्याचे तसे नाही, तो सोडला की दिशा विसरली जाते. त्यामुळे फोनवर शक्य असेल तर चार बाणांचे बटण असलेला कंट्रोलर जोडावा.

कंट्रोलरवरही गोल फिरणारी काठी वापरू नये. ती तिरपी दाबली जाते आणि वर व उजवीकडे अशा दोन दिशा एकदम जातात. गेमला दोन्हींतून एक निवडावी लागते आणि ती निवड आपल्या मनासारखी असेलच असे नाही. 'मी दाबले होते, गाडी वळलीच नाही' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असते. बाणांचे बटण वापरावे, किंवा खरा दांडा बसवायचा तर तो चार दिशांपुरता बांधून घ्यावा. सान्वा या जपानी कंपनीच्या जेएलएफ दांड्याखाली चौकोनी गेट, म्हणजे दांड्याची हालचाल अडवणारी चौकट, असते. त्याच्या प्लॅस्टिकच्या अडक्या हलक्या हाताने सोडवून गेट ४५ अंशांत फिरवून पुन्हा बसवले की तिरपी दिशा बंद होते. स्क्रू-ड्रायव्हरने जोर लावला तर अडकी मोडते आणि गेट खुळखुळत राहते, म्हणून बोटांनीच काढावे.

घरी दांडा-बटणांची पाटी बनवणाऱ्यांसाठी हा गेम उत्तम, कारण सामान मोजकेच लागते : एक दांडा, धुराचे एक ३० मिलिमीटरचे बटण, नाणे आणि सुरुवात यांसाठी २४ मिलिमीटरची दोन, एक यूएसबी एन्कोडर, म्हणजे दांडा-बटणांचे संकेत संगणकाला पोचवणारे सर्किट, आणि त्याच्या तारा. बिघाड ठरलेले असतात. १८ मिलिमीटरच्या एमडीएफवर, म्हणजे दाबीव लाकडाच्या फळीवर, दांडा सरळ खालून बसवला तर वर मूठ धरायला दांडी उरत नाही. खालून दांड्याच्या पत्र्याच्या मापाची खाच पाडून वर साधारण ६ मिलिमीटर लाकूड ठेवावे. टिचकीने बसणारी बटणे पातळ पत्र्यासाठी असतात, जाड लाकडात ती धरत नाहीत. तिथे नट असलेली घ्यावीत. सान्वासारख्या जपानी बटणांना २.८ मिलिमीटरची टोके लागतात आणि अमेरिकी धाटणीच्या बटणांना ४.८ची. दुकानदार हाताला येतील त्या तारा देतो, म्हणून माप सांगूनच मागावे. सैल टोक हे अर्ध्याअधिक 'बटण चालत नाही'चे कारण असते. वर दाबल्यावर गाडी खाली जात असेल तर दांडा उलटा बसला आहे किंवा वर-खालीच्या तारांची अदलाबदल झाली आहे, एन्कोडर खराब नाही.

आता एक खरी चिंता. रॅली-एक्स रंबल आज डाउनलोड करता येत नाही. वीचे ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ला बंद झाले, एक्सबॉक्स ३६०चे २९ जुलै २०२४ला. डिस्कवर किंवा पीएसपीच्या यूएमडीवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या कवचातल्या छोट्या डिस्कवर, निघालेल्या आवृत्त्या जुन्या बाजारात अजून मिळतात, पण त्या घेताना डिस्कची मागची बाजू उजेडात तिरपी धरून बघावी आणि यूएमडीच्या प्लॅस्टिकच्या कवचाची शिवण उकललेली नाही ना ते तपासावे. शिवण उकललेले कवच पीएसपीत अडकते. इंटरनेटवरून उचललेल्या नकला आम्ही सुचवत नाही. हक्क अजून कंपनीकडे आहेत, आणि शिवाय तशा फायलींत बदल केलेल्या आवृत्त्या इतक्या मिसळलेल्या असतात की मूळ कोणती हेच कळेनासे होते.

आपल्या अंकात अशा गेमांवर परीक्षण छापताना चार ओळी जादा द्याव्यात, अशी आमची विनंती आहे : आवृत्ती कोणत्या साली कोणत्या यंत्रासाठी निघाली, ती आज विकत मिळते का, दिशा कशाने देतात, आणि पडद्यावर मूळ गेमपेक्षा जास्त दिसते की तेवढेच. रॅली-एक्सच्या बाबतीत पाचवी ओळ हवी : धुराला इंधन लागते का.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुनी आर्केड यंत्रे दुरुस्त करणारे आणि जपणारे काही वाचक, पुणे